चाळीसच्या आत

व्हॅनमधून खाली उतरवलं ते असं: चार नवीन सायकली, तीन हेल्मेटं, बारा नारिंगी कोन, पन्नास मीटरचा एक टेप, एक स्पीडगन, पाण्याचे दोन कॅन, सायकली गुंडाळून आणलेल्या फोमच्या सहा गाद्या आणि अठरा किलो वाळूचं एक बाळ.

"बाळ नीट धरा की मॅडम, मान मोडंल त्याची," दिलावरभाई म्हणाले.

बाळ म्हणजे कॅनव्हासची शिवलेली पिशवी होती. वर डोक्याच्या जागी कापडाचा गोळा, त्यावर लहान मुलाचं पिवळं हेल्मेट. एका कंपनीनं सायकलच्या मागे लावायची मुलांची नवीन सीट काढली होती. ती सीट आणि ती ज्यांवर बसणार त्या चार सायकली आमच्याकडे तपासायला आल्या होत्या. सीट दोन नंबरच्या सायकलला लावली होती. दिलावरभाईंनी पिशवीचं नाव गोट्या ठेवलं होतं आणि ते तिच्याशी बोलत.

"बस गोट्या. पट्टा लाव. रडायचं न्हाई."

मी तेव्हा कोल्हापूरहून फिजिक्समध्ये एम. एस्सी. करून नुकतीच साताऱ्याला कारखानीस सरांच्या लॅबमध्ये लागले होते. लॅब म्हणजे एमआयडीसीतली पत्र्याची एक शेड. कंपन्या सायकली, दिवे, कुलुपं, कॅरियर पाठवायच्या, आम्ही ते वाकवायचो, ताणायचो, पाण्यात बुडवायचो आणि अहवाल द्यायचो. लोखंड आणि रबर सरांचं, आकडे माझे आणि रस्ता दिलावर मुलाणींचा, अशी वाटणी होती. दिलावरभाई मूळचे सांगलीचे. तरुणपणी त्यांनी रस्त्यावरच्या शर्यती मारल्या होत्या. चाळिशी उलटल्यावरही त्यांच्या पोटऱ्या दगडासारख्या होत्या.

ब्रेकची शेवटची चाचणी नेहमी चिंचणी घाटात व्हायची. दिलावरभाई सायकल चालवत वर जायचे, देवळापाशी वळायचे आणि उतरून यायचे. उतारानं ब्रेक तापले की पायथ्याच्या सपाट रस्त्यावर कोनांच्या रांगेत ताशी पंचवीसच्या वेगानं येऊन करकचून थांबायचे. चाक कुठे थांबलं ते मी टेपनं मोजायची. हेच अंतर आदल्या आठवड्यात, ब्रेक थंड असताना, लॅबच्या आवारातही मोजलेलं असायचं. दोन्हींतला फरक म्हणजे आमचा निकाल.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची ती सकाळ. व्हॅनच्या पुढच्या जाळीवर झेंडूची माळ अजून होती, जरा सुकलेली.

"फोन," सर म्हणाले आणि हात पुढे केला.

दिलावरभाईंनी खिशातून फोन काढून दिला. हा सरांचा नियम होता. एकदा ऐन उतारावर दिलावरभाईंचा फोन वाजला होता आणि त्यांनी तो घेतला होता. तेव्हापासून चाचणीच्या वेळी त्यांचा फोन व्हॅनच्या खणात राहायचा.

"बायकोचा आला तर सांगा, गोट्याला फिरवायला गेलोय."

एक नंबरची सायकल घेऊन ते गेले, साधारण अर्ध्या तासानं उतरून आले आणि पायथ्याला तीन वेळा थांबून दाखवलं. तिन्ही वेळा मी चाकाशी खडूची रेघ मारली.

"कसा वाटला ब्रेक?" सरांनी विचारलं.

"जरा मऊ हाय. नवीन पॅड, अजून बसलं न्हाईत." त्यांनी अर्धा कप चहा एका घोटात संपवला, दोन नंबरची सायकल घेतली, दोन्ही लिव्हर दाबून पाहिले. घट्ट होते. गोट्याच्या हेल्मेटवर टपली मारली. "ऊन व्हायच्या आत हिला उरकतो. चढावर काय, ब्रेक लागतोय कुठं."

ते पहिल्या वळणाआड गेले, तेव्हा मी टेप जमिनीवर पसरत होते.

पहिली रेघ सात मीटर दहा. दुसरी सहा नव्वद. तिसरी सात मीटर तीस.

लॅबच्या आवारात याच सायकलचं अंतर पाच मीटर वीस आलं होतं. तापल्यावर थोडं वाढतं, पण अर्ध्या मीटरपेक्षा जास्त वाढलेलं मी पाहिलं नव्हतं. मी टेप पुन्हा लावला. तेच.

"सर, दोन मीटर वाढलंय."

सर व्हॅनच्या पायरीवर बसून पेपर वाचत होते. साठीला आलेला, सावकाश हलणारा माणूस. त्यांनी चष्म्यावरून रस्त्याकडे पाहिलं.

"वाळू आहे रस्त्यावर. पावसानं वाहून आलेली."

"टायर घसरल्याची खूण नाहीये. चाक फिरत फिरत थांबलंय."

"ऋजुता." त्यांनी पेपर खाली ठेवला. "मागच्या महिन्यात असाच आकडा दुप्पट आला म्हणून तू चाचणी थांबवलीस. अर्धा दिवस गेला. शेवटी काय निघालं?"

"सेन्सरची वायर सुटली होती."

"वायर सुटली होती. दिलावर अजून सगळ्यांना रंगवून सांगतो ते. उद्या सकाळी कंपनीची माणसं सायकली न्यायला येतायत. उगाच घाबरवू नकोस मला."

एक नंबरची सायकल व्हॅनला टेकवून ठेवली होती. पुढच्या चाकाची डिस्क अजून गरम होती. हात जवळ नेला की कळत होतं. या चारही सायकलींना चाकाच्या कडेला नव्हे तर मध्यभागी, ताटलीएवढ्या पोलादी डिस्कला दोन पॅडमध्ये धरणारे ब्रेक होते. डिस्कला वजन कमी करण्यासाठी भोकं पाडलेली असतात. मी खाली बसून पाहिलं. एका भोकाच्या आतल्या काठाला तांबूस रेघ होती.

गंज असेल असं वाटलं. पण सायकल नवीन होती. मी रुमालाचं टोक पिळून भोकात घातलं आणि फिरवून बाहेर काढलं. टोक शेंदरी झालं होतं. नाकाशी नेलं. करपलेल्या तेलाचा वास आला. खमंग काहीतरी तळताना कढई जास्त तापली की येतो तसा.

त्या वासाबरोबर मला पितळेचं ताट आठवलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या लॅबमध्ये यंत्रांची पूजा असे. पूजा सरांची पत्नी, कुमुदकाकू करायच्या. त्यांच्या माहेरी तेलाची गिरणी होती. यंत्राचं कुंकू तेलात कालवायचं, म्हणजे ते उडत नाही, ही त्यांच्या माहेरची पद्धत. दरवर्षी घरून वाटीत शेंगदाण्याच्या तेलात कुंकू कालवून आणायच्या आणि लेथपासून माझ्या कॉम्प्युटरपर्यंत सगळ्यांना बोट लावायच्या. त्या वर्षी तपासणीसाठी आलेल्या चार सायकलीही शेडमध्ये होत्या. काकू त्यांच्याजवळ गेल्या, तेव्हा सर लगबगीनं म्हणाले होते, "अगं, रंगाला लावू नको. डाग पडतो. लोकांचा माल आहे, परत द्यायचाय. स्टीलवर लाव, पुसलं की जातं."

सायकली दांड्यापासून हँडलपर्यंत काळ्या होत्या, धुरकट काळा रंग. चकचकीत पोलाद एकच होतं.

दिलावरभाई तेव्हा तिथे नव्हते. सणाला मिरजेला बहिणीकडे जायचं म्हणून खांद्याला पिशवी लावून दुपारीच निघाले होते. पण जाता जाता गेटातून ओरडले होते, "काकू, दोन नंबरला जरा जास्त लावा हां! उतारावर मी आन् गोट्या दोघं असतोय!"

काकू हसल्या होत्या. मी पेढ्याचा तुकडा तोंडात टाकत फोटो काढला होता.

मी फोन काढला. फोटोत काकूंचं बोट होतं, झेंडूचं फूल होतं आणि दोन नंबरच्या पुढच्या डिस्कवर भरगच्च, ओलं, लालभडक स्वस्तिक होतं. मागच्या डिस्कवर दुसरं. फोटोच्या कडेला सरांचा हात आला होता. हातात पुसायचं कोरडं फडकं होतं.

एक नंबरला नुसता एक टिळा लावला होता. त्या एका टिळ्यानं दोन मीटर.

मी फोन सरांपुढे धरला. रुमालही धरला. त्यांनी आधी रुमालाचा वास घेतला, मग फोटो पाहिला. फोटो बोटांनी मोठा केला. पुन्हा लहान केला.

"मी पुसलं होतं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "कोरड्या फडक्यानं."

"पॅडनी तेल प्यायलंय सर. आता तापलं की बाहेर येईल."

"फोन लाव त्याला."

व्हॅनच्या खणात दिलावरभाईंचा फोन वाजला.

आम्ही दोघांनी त्या खणाकडे पाहिलं. सरांनी कधी नव्हे ते शिवी दिली, कुणाला ते कळलं नाही.

ते वर पोचत आले असणार. देवळापाशी थांबायची त्यांना सवय नव्हती. पाणी प्यायचे आणि वळायचे. तेवढ्यात मोटरसायकलवरून एक दूधवाला रिकामे कॅन खडखडवत वर निघाला होता. मी रस्त्याच्या मध्ये जाऊन त्याला थांबवलं.

"दादा, वर एक सायकलवाला भेटेल. मागे पिवळं हेल्मेट घातलेलं पोतं आहे. त्याला सांगा, उतरू नको. चालत ये म्हणावं. ब्रेक खराब आहे."

"पोत्याला हेल्मेट?"

"हो दादा. सांगाल ना? उतरू नको."

"सांगतो की," तो म्हणाला, पण माझ्याकडे जरा काळजीनंच पाहून गेला.

"आपण पण जाऊ," सर व्हॅनमध्ये चढत म्हणाले. "चल, बस."

मी बसले, आणि व्हॅन सुरू झाल्यावर माझ्या लक्षात आलं की वर जाणं चुकीचं आहे. चिंचणी घाट अरुंद आहे. एखाद्या वळणावर आम्ही समोर आलो तर ते काय करतील? ब्रेक दाबतील. हात हलवून थांब म्हटलं तरी ब्रेकच दाबतील. त्यांना सावध करायचा प्रत्येक उपाय त्यांना तेच करायला लावणार होता, जे त्यांच्याकडे नव्हतं.

"सर, थांबवायचं नाही त्यांना."

"म्हणजे?"

"चढ पाहिजे. ब्रेक न दाबता थांबायचं तर चढावर घालायला हवं."

सरांनी गाडी तशीच चालू ठेवली. एक वळण गेलं. मग त्यांनी एकदम वेग कमी केला. "टाकीचा रस्ता," ते म्हणाले.

शेवटून दुसऱ्या वळणानंतर रस्ता थोडा सरळ उतरतो आणि तिथे, उतरणाऱ्याच्या डाव्या हाताला, एक कच्चा रस्ता डोंगरावरच्या पाण्याच्या टाकीकडे चढत जातो. मी तो अनेकदा पाहिला होता. त्याच्या खाली मात्र घाटातला सगळ्यात तीव्र उतार, आणि उताराच्या पायथ्याला बाजाराच्या गाड्या वळायची जागा.

सरांनी व्हॅन खालच्या बाजूला कडेला घातली. मी टेप घेऊन कच्च्या रस्त्यावर धावले. तिथे मला लोखंडी फाटक दिसलं. पूर्वी नव्हतं. किंवा असेल, मी पाहिलं नसेल. साखळी, साखळीला कुलूप.

"सर, फाटक!"

सरांनी येऊन कुलूप ओढून पाहिलं. एक धोंडा उचलून कुलपावर तीन-चार घाव घातले. कुलूप हललंसुद्धा नाही. मी टेपचं टोक डांबराच्या कडेला दगडाखाली दाबलं आणि फाटकापर्यंत ओढत नेलं. अडतीस मीटर. चढ मोजायला फोनमधलं ॲप उघडून फोन जमिनीवर ठेवला. सात अंशाला थोडं कमी. खडी सुटी होती, तिची मदत होणार होती. किती, ते नक्की सांगता येत नव्हतं. मी फोनवर आकडे घातले, खोडले, पुन्हा घातले.

"किती?" सर म्हणाले.

"ताशी चाळीसच्या आत असेल तर थांबतील. चाळीसच्या वर असेल तर फाटक."

"इथे नेहमी किती असतो तो?"

"बत्तीस-तेहतीस. ब्रेक असताना."

सर वळले आणि व्हॅनकडे चालायला लागले. मी कोन काढले. दिलावरभाईंना हाक मारून, हात करून उपयोग नव्हता. मागच्या महिन्याच्या वायरीनंतर तर मी हात केला की ते हसून पुढेच जात. पण कोन ते मानायचे. सहा वर्षं ते कोनांच्या रांगेतून गेले होते. रांग जिथे वळेल तिथे त्यांचं चाक वळायचं, का म्हणून विचारायचे नाहीत. मी वळणापासून तिरकी रांग लावत आणली, पाच कोन उजव्या अंगाला, पाच डाव्या, आणि तिचं तोंड कच्च्या रस्त्यात उघडलं. उरलेले दोन सरळ रस्त्यावर आडवे ठेवले. एक वाऱ्यानं पडला. त्यात दगड ठेवला.

मागे वळून पाहिलं तर सर फोमच्या गाद्या घेऊन फाटकापाशी गेले होते. एकावर एक अशा त्या फाटकाला टेकवत होते. वारा खालून वर येत होता. त्यांनी हात काढला की गाद्या घसरून खाली बसत होत्या. बांधायला दोरी नव्हती. त्यांनी दोनदा टेकवून पाहिल्या. मग पाठीनं त्या फाटकाला दाबल्या आणि तिथेच उभे राहिले, दोन्ही हात मागे करून, फोटो काढायला उभं राहावं तसे.

"सर, तिथे नका उभं राहू!"

"तू तुझं बघ."

"सर, अठरा किलो मागे आहे त्यांच्या! तुमच्या हाडांचा–"

"ऋजुता, तू वेग बघ."

मी स्पीडगन घेऊन कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी आले. सूर्य डोंगराच्या वर आला होता. एक एसटी खालून वर गेली. कंडक्टरनं दारातून कोनांकडे आणि मग फाटकाशी गाद्या धरून उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं. नंतर काहीच आलं नाही. मी स्वतःला सांगत होते की दूधवाल्यानं सांगितलं असेल, ते सायकल हातात धरून चालत येत असतील, येऊन मला म्हणतील, काय वो मॅडम, परत वायर का? मला ते ऐकायचं होतं. त्यानंतर सरांनी मला काढून टाकलं असतं तरी चाललं असतं.

आधी आवाज आला. ब्रेकचा नव्हता. ब्रेक तापले की किंचाळतात. हे घासणं होतं, जाड, अखंड, कुणी फरशीवरून पोतं ओढत नेतंय असं.

मग ते वळणावर दिसले. रस्त्याच्या पार उजव्या कडेला जाऊन, सायकल इतकी आडवी करून की गोट्याचं पिवळं डोकं जमिनीला लागेल असं वाटलं. डावा पाय पेडलवर नव्हता. तो मागे होता, मागच्या टायरवर दाबलेला, आणि बुटातून धूर येत होता.

मी गनचं बटण दाबलं.

त्रेचाळीस.

"सर!" मी ओरडले. "त्रेचाळीस! बाजूला व्हा! सर, त्रेचाळीस!"

सर हलले नाहीत. त्यांनी फक्त हनुवटी छातीला टेकवली.

दिलावरभाईंनी कोन पाहिले. ते पाहताना मला दिसलं. त्यांची मान थोडी वर झाली, नजर रांगेवरून पुढे गेली, रांग जिथे वळत होती तिथे. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. एका श्वासाएवढा वेळ सायकल सरळ आली, सरळ रस्त्यावर ठेवलेल्या दोन कोनांच्या रोखानं. मग त्यांचा खांदा डावीकडे पडला, मागचं चाक डांबरावर थोडं सरकलं, एक कोन उडाला, आणि ते माझ्या समोरून गेले. त्यांच्या अंगाचा वारा मला लागला. खडी उडून माझ्या पोटऱ्यांना लागली.

मी डोळे मिटले. ते मिटायला नको होते.

खडीचा आवाज कमी होत गेला. मग एक धप्प आवाज. मग काहीच नाही.

डोळे उघडले तेव्हा सायकल उभी होती आणि दिलावरभाई दोन्ही पाय टेकून तिच्यावर होते. मग ते हळूच, एखादी जड वस्तू ठेवावी तशी, सायकलसकट डाव्या अंगावर पडले. गोट्याचं हेल्मेट सुटून उतारानं घरंगळत माझ्याकडे आलं. धप्प आवाज सरांच्या मागच्या वरच्या गादीचा होता. ती घसरून खाली बसली होती.

मी धावत गेले. दिलावरभाई उताणे पडून आकाशाकडे पाहत होते.

"लागलं का? दिलावरभाई, कुठे लागलं?"

"बूट गेला," ते म्हणाले. "नवा होता. मिरजेत घेतला." डाव्या बुटाचा तळ टाचेपाशी मोज्यापर्यंत झिजला होता. त्यांनी पाय वर करून तो पाहिला. "पयल्या वळणाला धरत होता ब्रेक. गरम झाला आन् सुटला. लिव्हर घट्ट, पन पकड न्हाई. साबनावर बोटं ठिवल्यागत. एक दूधवाला भेटला, काहीतरी ओरडला, हात केला. मला वाटलं शाबासकी देतोय. मीबी हात केला."

आणि ते हसायला लागले. मी त्यांच्या शेजारी खडीवर बसले. माझा हात त्यांनी एवढा घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी मला पेन धरता आलं नाही.

मग ते कुशीवर वळले. डिस्क त्यांच्या तोंडाजवळ होती. तिच्यातून बारीक धूर निघत होता. त्यांनी नाक पुढे केलं.

"ह्ये तेल कसलं?"

मी सरांकडे पाहिलं. दिलावरभाईंनी भोकाच्या कडेला बोट लावलं, चटका बसला तसं मागे घेतलं, आणि बोटाकडे पाहत राहिले. बोट लाल होतं.

"कुंकू?" ते म्हणाले. "हितं लावलं व्हय काकूंनी?"

"मी सांगितलं," सर फाटकापासून म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "तिनं विचारलं होतं, कुठे लावू. मी म्हणालो, स्टीलवर लाव."

वाऱ्यानं खाली पडलेली गादी फडफडत होती.

"आन् मी म्हनालो, जास्त लावा." दिलावरभाईंनी बोट पँटला पुसलं. ते उठून बसले. "सर, काकूंना कळू द्यायचं न्हाई."

"दिलावर–"

"न्हाई सर. त्या रडत बसतील. मग माझ्या डब्यात लोणचं कोण घालनार? तुम्ही? मॅडम, तुम्हीबी न्हाई सांगायचं. ब्रेक खराब निघाला. संपलं."

कुमुदकाकू जाऊन आता सहा वर्षं झाली. त्यांना शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. त्यानंतरच्या प्रत्येक दसऱ्याला त्या कुंकवाची वाटी घेऊन सायकलींजवळ आल्या की सर त्यांचं मनगट धरत, स्वतः त्यांचं बोट हँडलखालच्या काळ्या रंगावर टेकवत आणि डाग पडला तर पडू दे म्हणत. काकूंना वाटायचं, नवऱ्याला म्हातारपणी भक्ती सुचली. दिलावरभाई असले तर त्या त्यांच्या सायकलला दोन बोटं जास्त लावायच्या, आणि ते ताटापुढे मान वाकवून उभे राहायचे.

पण त्या सकाळी कच्च्या रस्त्यावर हे काहीच माहीत नव्हतं. मी उठून सायकल उचलायला वाकले.

"थांबा," दिलावरभाई म्हणाले. "हलवू नका. चाकाची खूण हाय तिथं. मोजा की मॅडम. रोज मला थांबवून मोजता, आज न्हाई व्हय?"

टेप अजून तिथेच पडला होता, दगडाखाली टोक अडकलेला. मी तो सोडवून आणला. चाक जिथे थांबलं होतं तिथे खडीत एक खोल चीर होती. तिच्यावर मी टेपचं शून्य धरलं. दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं.

"सर," मी म्हणाले, "तुम्ही तिथून हलू नका."

सर हललेच नव्हते. पाठ फाटकाला, उरलेल्या गाद्या पाठीमागे, दोन्ही हात अजून मागे. त्यांनी एक हात पुढे आणायला वेळ लावला. मी दिलेलं टोक त्यांनी घेतलं, ते सावकाश वाकले, आणि त्यांनी ते आपल्या उजव्या बुटाच्या टोकाशी धरलं. टेप थरथरत होता. मी तो स्थिर होईपर्यंत थांबले आणि मग वाचला.

पुढच्या चाकापासून सरांच्या बुटापर्यंत, एक मीटर बारा सेंटिमीटर.